झोपेतला हर्रास

"झोपेत गेले. पुण्यवान माणूस."

दारात चपला काढता काढता येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मी मान हलवते, पाणी देते, चहा टाकते. त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे माणूस शेतात जातो, रस्त्यावर जातो, दवाखान्याच्या व्हरांड्यात जातो. झोपेत जाणारा सुखी, असंच सगळे धरून चालतात. पण तुमची झोप कशी होती हे या गावात मला एकटीलाच माहीत आहे. तुम्हालाही माहीत नव्हती, तुम्ही तर झोपलेले असायचात.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नीट पार पडला. जेवण पुरलं, खुर्च्या-सतरंज्या विहारात परत गेल्या, लेक काल पुण्याला गेली. अंगणवाड्यांचे अहवाल तुंबले होते, तेही काढून टाकले. हाताला काम असलं की मी बरी असते. आज करायला काही उरलं नाही, म्हणून तुमच्याशी बोलत बसले आहे.

हे कुठून सुरू झालं ते मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघते. औरंगाबादच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात का?" तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. आपण तर चक्कर येते, लघवीला त्रास होतो, उन्हात घाम येत नाही, हे सांगायला गेलो होतो. झोपेचं काय सांगायचं, ती तर आपल्या घरातली गंमत होती.

तुम्ही बाजाराच्या आवारात कापसाचा हर्रास बोलायचात. लिलाव म्हणतात शहरात, आपल्याकडे हर्रासच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून, हातात कापसाचा पुंजका धरून, "बोला भाऊ, माल पाहा, मंग बोला! एकवार… दोनवार…" हा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा. बीटी कापसाचं बियाणं आल्यावर पहिल्या वर्षांत आवार पांढरंशुभ्र व्हायचं, तुमचा आवाज संध्याकाळपर्यंत बसायचा, तरी घरी आल्यावर तुम्ही गरम पाणी पिऊन पुन्हा गप्पा मारायचात. मग हाच हर्रास तुमच्या झोपेत आला. आधी नुसतं पुटपुटणं, नंतर अख्खी बोली. "ए, ट्रॅक्टर मांगं घे बे!" म्हणत एकदा तुम्ही मलाच मागे ढकललं. माझा गाल पलंगाच्या कडेवर आपटला.

सकाळी शेजारच्या कमलाबाईंनी गाल पाहिला. पाणी भरता भरता हळूच म्हणाल्या, "सुमनबाई, माणूस तं गायीसारखा दिसते तुमचा. अन् हात उचलते?"

"अवो, हात नाई उचलत. ट्रॅक्टर समजून ढकललं मले."

"हाव. आमचे हे बी मले लय डाव मोटरसायकल समजतात," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा विश्वास बसलेला नाही हे मला कळलं. पुढे कितीतरी दिवस त्या तुमच्याशी तुटक बोलायच्या. तुम्हाला कारण कधीच कळलं नाही. मी सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून. आता त्याच बाई माझ्याकडे रोज ताटभर भाकरी पाठवतात.

वर्षं गेली. बीटीला न लागणारी अळी बीटीला लागली. बोंडं उघडली की आत गुलाबी अळी, कापूस पिवळट, कवडीसारखा. लोकांनी फवारण्या वाढवल्या, दोन औषधं एकत्र करून मारली. आवारात माल कमी येऊ लागला आणि आलेल्या मालावर बोली लागेना. तुम्ही म्हणायचात, "सुमन, शेतकऱ्याच्या तोंडाकडं पाहात बोली थांबवा लागते, हे काम आता करू वाटत नाई." तुमचा आवाजही तेव्हाच बारीक व्हायला लागला होता. मला वाटलं मन लागत नाही म्हणून. तुम्हालाही तसंच वाटलं.

त्या हंगामात आजूबाजूच्या गावांतून नको त्या बातम्या येत होत्या. कुणी औषध घेतलं, कुणाला फवारताना तेच बाधलं. औषध म्हणजे फवारणीचं विष, हे आपल्याकडे लहान लेकरालाही सांगावं लागत नाही. आणि अशा माणसाचं काय करायचं हेही सगळ्यांना पाठ असतं. उलटी करवायची. आणि काहीही झालं तरी झोपू द्यायचं नाही.

म्हणून तो दिवस तसा गेला.

तुम्ही जेवून उठलात, उन्हात ट्रॉलीवर चढलात, पहिली बोली सुरू केलीत आणि कापसावरच कोसळलात. बाजूला फवारणीचा पंप आणि डबे पडलेले होते, शेतकऱ्यानं येतानाच आणलेले. कुणीतरी ओरडलं, "औषध घेतलं काय बे भाऊनं!" झालं. चार हात तुमच्या काखेत गेले. कापसावर आडवे पडलेले तुम्ही, तिथून उचलून तुम्हाला उभं केलं. रफीकभाई, जे आयुष्यभर तुमच्या शेजारी काटा धरून मापाड्याचं काम करत आले, ते पुढे होते. त्यांनी मला फोन केला तेव्हा मागे गलका ऐकू येत होता, "चालवा, चालवा! झोपू देऊ नका! थोबाडीत मारा!"

"भाभी, जलदी या. भाऊनं काहीतरी घेतलं वाटून राह्यलं."

मी स्कूटी काढली. वाटेत माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथे सांगत नाही. पोहोचले तेव्हा दोघं तुम्हाला धरून आवारात फेऱ्या मारत होते. तुमची मान लोंबत होती, पाय मातीत ओढत होते, शर्टावर उलटीसाठी पाजलेल्या मिठाच्या पाण्याचे ओघळ. रफीकभाई रडत होते आणि रडता रडता तुमच्या गालावर चापट्या मारत होते. "ए भाऊ, उघड डोळे! पाह्य इकडं!" तुम्ही डोळे उघडायला जायचात आणि पुन्हा मिटायचात. मीही तेच केलं. मीही तुमची हनुवटी धरून वर केली आणि म्हटलं, "झोपायचं नाई. उभे राहा."

जीपमध्ये तुम्हाला दोघांच्या मध्ये ताठ बसवलं. रस्ताभर तुम्ही तसेच. सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयनं स्ट्रेचरवर आडवं टाकलं, नर्स नळी घेऊन आली, आणि ती नाकापर्यंत पोहोचण्याआधी तुम्ही डोळे उघडलेत. वर छताकडे पाहिलंत, मग आमच्याकडे.

"काऊन जमा झाले बे सगळे? माल कोणं घेतला?"

रफीकभाई खालीच बसले.

पुढे काही महिन्यांनी औरंगाबादच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. उभं राहिलं की पायांकडे उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम तुमचं शरीर विसरत होतं. जेवणानंतर आणि उन्हात तर फारच. अशा वेळी माणूस पडतो, कारण पडणं हाच त्याच्यावरचा इलाज असतो. आडवं झालं की रक्त डोक्याला पोहोचतं, जाग येते. तुम्ही कापसावर पडला होतात, तिथे नुसतं पडू दिलं असतं तरी पुरलं असतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, जीव तोडून, तुम्हाला तासभर उभं धरलं होतं.

हे रफीकभाईंना सांगू नको, असं तुम्ही बजावलंत. मी अजून सांगितलेलं नाही. ज्यांनी धरलं होतं त्यांच्या हातांचे वळ तुमच्या दंडावर आठवडाभर होते. ते पाहून मला राग यायला हवा होता. आला नाही. इतकी माणसं एका माणसाला सोडायला तयार नव्हती, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पण गावाला मात्र वाटलं ते वाटलंच. रिपोर्टमध्ये विष निघालं नाही म्हणून कोण ऐकतं? कुणी भाव पडल्याचं कारण काढलं, कुणी माझ्या गालावरून घरच्या भांडणाचं. आपल्या बटईनं, म्हणजे वाट्यानं दिलेल्या शेताचे औषधाचे डबे मी कमलाबाईंच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवले आणि किल्ली माझ्याकडे घेतली. एक दिवस न राहवून विचारलंच, "खरं सांगा. मनात तसं काही नाई ना?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "असतं तं तुले सांगितलं असतं ना वं. तू तुह्या कामाच्या यादीत लिवलं असतं. गॅस नंबर लावणे, दळण आणणे, शनिवारी माणूस मरणे."

मी हसले नाही. तुम्ही मात्र खूप हसलात, आणि हसता हसता ठसका लागला. तो ठसका वेगळा होता. पण तो आजाराचाच होता, ते नंतर कळलं.

आजाराचं नाव मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी. मी ते पाठ केलं, जसं प्रत्येक योजनेचं लांबलचक नाव पाठ करते. मॅडम म्हणाल्या, शरीराची कितीतरी कामं आपल्याला न विचारता चालतात. रक्तदाब, घाम, लघवी, झोपेतला श्वास. ती बघणारी ही स्वायत्त मज्जासंस्था. तिच्या पेशी मेंदूत हळूहळू बंद पडत आहेत. स्वप्नात माणूस पळतो तेव्हा खरे पाय पळू नयेत, म्हणून झोपेत शरीराला बांधून ठेवणारी एक गाठ असते, तीही तिथेच जवळ. तुमची ती गाठ कितीतरी वर्षं आधी सुटली होती. झोप आपल्याला आधीच सांगत होती.

तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे मॅडम, बोल्या लागून राह्यल्या, माल बी हाय, पण हर्रास बोलणाराच गेला."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. अगदी तसंच."

फवारणीच्या औषधांमुळे झालं का, हे मी विचारलं. तुम्ही तरुणपणी उघड्या अंगानं फवारलेलं होतं. त्या म्हणाल्या, "एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही." मला कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. ते नावही मिळालं नाही.

मग मी कामाला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. उठण्याआधी पाणी. पायांना घट्ट मोजे, पोटाला पट्टा. जेवण थोडं थोडं. जेवणात मीठ जास्त. बीपीच्या माणसाला मीठ देते म्हणून तुमच्या बहिणीनं मला फोनवर बोल लावले. काय सांगणार? उभे राहिलात की तुमचा रक्तदाब जमिनीला लागायचा आणि आडवे झालात की आढ्याला. एका त्रासाचं औषध दुसऱ्याचं विष. उभं ठेवावं तर पडता, झोपवावं तर डोकं ठणकतं. मी जे जे टाचून ठेवायची ते दुसऱ्या बाजूनं उसवायचं. एवढी हतबल मी कधी झाले नव्हते. अंगणवाडीतलं कुपोषित लेकरूसुद्धा वजन धरतं हो. तुमच्या बाबतीत कशानंच काही धरलं नाही.

दिवसा तुमचा आवाज इतका बारीक झाला की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येईना. आणि झोपेत? झोपेत तुम्ही तसेच होतात. तोच भरदार, आवारभर जाणारा आवाज. "बोला भाऊ, यवढ्यातच काय? पांढरंशुभ्र सोनं हाय!" जागेपणी चमचा धरता न येणारे हात हवेत पुंजका उडवायचे. मॅडम म्हणाल्या, असं होतं, स्वप्नात या रुग्णांचा आवाज आणि हालचाल मोकळी होते. त्यांच्यासाठी ती माहिती होती. मी मात्र अंधारात उठून बसायची आणि तुमचं ऐकायची. माझा नवरा मला तेवढाच परत मिळायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पण त्याच झोपेत दुसराही आवाज आला. घोरणं नाही. श्वास आत घेताना, कोरडा हातपंप मारावा तसा, वर ओढलेला आवाज. औरंगाबादला डोक्याला-छातीला तारा लावून तुमची झोप तपासली तेव्हा कळलं, झोपेत तुमच्या गळ्यातल्या स्वरपट्ट्या उघडतच नव्हत्या. हवेला वाट म्हणजे एक फट. झोपेत हातपाय मारतात त्यासाठीची गोळी मॅडमनी त्याच दिवशी बंद केली, कारण तिनं श्वास आणखी मंद झाला असता.

मास्कचं मशीन आणलं. तुम्ही म्हणालात, "बैलाले मुसकं घालतात तसं घालून राह्यली तू मले." लाईट गेली की ते बंद, म्हणून इन्व्हर्टर घेतला. तरी तुम्ही झोपेत ते ओढून काढायचात. मग मॅडमनी शेवटचं सांगितलं. गळ्याला छिद्र करून नळी बसवायची. तिथून श्वास जाईल. आवाज मात्र जवळजवळ जाईल.

इथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हणायची, "आधी जगा. आवाजाचं पाहू."

तुम्ही म्हणायचात, "आवाजच माहा हाय. बाकी सगळं तं तूच चालवते."

"तो दिवसाचा आवाज कोण ऐकते आता?"

हे मी रागात बोलले. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. आणि मला त्याच क्षणी ठाऊक होतं की झोपेतला आवाज जाईल याची भीती तुमच्यापेक्षा मलाच जास्त आहे. तरी मी हट्ट धरला. दोन्ही मला हवं होतं, आणि दोन्ही मिळणार नव्हतं.

शेवटी तुम्ही अट घातलीत. "एक डाव जागेपणी हर्रास बोलतो. मंग सांगतो."

उभं राहता येत नाही, बसलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज हातभर जात नाही. मी नाही म्हणणार होते. रफीकभाईंनी मात्र ऐकलं आणि म्हणाले, "भाभी, त्यात काय? ट्रॉलीत कापूस असतेच ना. झोपून बोलन."

आवारात नेऊन तुम्हाला चौघांनी उचलून ट्रॉलीतल्या कापसावर आडवं ठेवलं. ऊन लागू नये म्हणून वर ओढणी धरली, माझीच. व्यापारी जवळ सरकले. तुम्ही आभाळाकडे बघत बोली पुकारलीत, अगदी हळू, शब्द एकमेकांत अडकलेले. रफीकभाई तुमच्या तोंडाशी कान नेऊन तेच मोठ्यानं पुकारायचे. मध्येच ते आपल्या मनाचं काही बोलले तर तुम्ही त्यांना हाताला चिमटा काढलात.

"अबे, मी म्हटलं तेच म्हण. भाव वाढवू नको."

"वाढू दे ना भाऊ, तुह्यं काय जाते?"

सगळं आवार हसलं. ज्याचा माल होता तो पोरगेलासा शेतकरीही हसला. "तीनवार," तुम्ही म्हणालात, आणि ते रफीकभाईंनी पुकारलं नाही. ते सगळ्यांना ऐकू आलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही थकला होतात, पण चेहरा मोकळा होता. थोडा वरणभात खाल्लात. मी मोजे काढले, विटांवरचा पलंग नीट केला, तुम्हाला कुशीवर वळवलं. मग विचारलंच, "आता सांगा. मॅडमले काय कळवू?"

"सकाळी सांगतो वं," तुम्ही म्हणालात. "आज लय बरं वाटून राह्यलं. झोपू दे."

मी मशीन लावलं नाही. तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही; तुम्ही इतके सुखात होतात की मुसकं घालायला माझाच हात झाला नाही. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मशीन असतं तरी असं होऊ शकतं, असा माणूस झोपेत कधीही जाऊ शकतो. हे खरं असेल. माझ्या काही उपयोगाचं नाही.

तुमचं उत्तर काय होतं, ते मी सगळ्या बाजूंनी लावून पाहते. हो असेल तर मी फोन करून तारीख घेतली असती. नाही असेल तर पुन्हा भांडले असते. दोन्हीची तयारी होती. तिसऱ्याची नव्हती.

सकाळी मला जाग आली ती शांततेनं. तो हातपंपाचा आवाज नव्हता, हर्रास नव्हता, काहीच नव्हतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात, एक हात उशीखाली, लहान मुलासारखा. कितीतरी महिन्यांत असे निवांत दिसला नव्हतात. मला वाटलं, कुशीवर वळवल्याचा गुण आला. बरं वाटलं मला. चादर पायांवर ओढली, हात लावला नाही, आणि दार आवाज न करता पुढे केलं.

चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात कमलाबाई विरजण मागायला आल्या, दारातूनच हाक मारत. मी तोंडावर बोट ठेवून त्यांच्याकडे धावले.

"हळू बोला ना बाई," मी म्हटलं. "आज कुठं त्यांले झोप लागली."